जादूनं खुरपं धरायचं नाही

मुलांसाठी मी जी कादंबरी लिहिते आहे तिच्यात चिमूटभर जादू आहे, आणि त्या जादूला मी पहिल्या पानापासून एक अट घातली आहे. तिनं शेतातलं काम करायचं नाही. रोप लावायचं नाही, खुरपायचं नाही, पाणी भरायचं नाही. पाऊस आणायचा नाही आणि आलेला थांबवायचाही नाही. बाजारभावाला तर बोटही लावायचं नाही. एवढं सगळं काढून घेतल्यावर जादूकडे उरलं काय, असं विचारणारे मित्र आहेत. जे उरलं तेवढ्यावरच पुस्तक चाललं आहे.

माझं माहेर सायखेड्याचं. नाशिकहून निफाडच्या रस्त्यानं निघालं की चांदोरी लागते, तिथून आत वळून पूल ओलांडला की सायखेडा. नदीला गावात गोदावरी म्हणणारा माणूस बाहेरचा समजावा. आमच्याकडे ती गंगा. खाली नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा, त्याच्या फुगवट्यावर पक्ष्यांचं अभयारण्य. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र म्हणून त्याचं नाव झालं ते अलीकडे, पण थंडीतली बदकं आमच्या आजोबांच्याही आधीपासून येतात. उसात बिबट्या आहे. पात्रातलं पाणी फार उतरलं की चांदोरीच्या अंगाला जुनी दगडी देवळं उघडी पडतात, लोक मोबाइल घेऊन फोटो काढायला जातात आणि पाणी चढलं की देवळं पुन्हा आत.

आता एवढा ऐवज हाताशी असताना जादू शोधायला लांब कशाला जायचं? बुडालेलं देऊळ आहे, त्यात घंटा ठेवा, ती रात्री वाजू द्या. बिबट्याला बोलता येऊ द्या. मी कादंबरी लिहिते आहे असं कळल्यावर ज्यांनी ज्यांनी सूचना केल्या, त्यांतल्या बहुतेकांनी देऊळ नाहीतर बिबट्या हेच सांगितलं. मलाही देवळं आवडतात. पण सायखेड्यातली दहा वर्षांची मुलगी एप्रिल-मे महिन्यात देवळं बघत नसते. ती कांद्यात असते.

मराठी मुलांच्या पुस्तकांतलं खेडं बहुतेक वेळा सुट्टीतलं असतं, ही माझी जुनी तक्रार आहे. शहरातला मुलगा मामाच्या गावाला जातो, विहिरीत पोहतो, आंबे खातो, बैलगाडीत बसतो, जून लागला की परत येतो. गाव पाहुण्याच्या डोळ्यांनी दिसतं आणि पाहुण्याला कुणी काम सांगत नाही. नाहीतर मग गाव आठवणीतलं असतं, मोठं झाल्यावर मागे वळून पाहिलेलं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्याच तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं, तेव्हापासून आठवणींचा हा रस्ता आपल्याकडे इतका मळला आहे की त्यावरून चालायला कष्ट पडत नाहीत. त्या वाटेनं चांगली पुस्तकंही आली. खेड्यातल्या मुलाचं जग सांगणाऱ्या ल. म. कडू यांच्या ‘खारीच्या वाटा’ला २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, तेव्हा मला घरच्यासारखा आनंद झाला होता. पण मला आजचं गाव हवं होतं. ज्या गावात मुलीचा बाप सकाळी उठून आधी व्हॉट्सअॅपवर लासलगावचा भाव बघतो, ते.

आणि उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आमच्याकडे कांदा काढणीचा आणि द्राक्षाच्या एप्रिल छाटणीचा हंगाम. माझ्या कादंबरीतली ईश्वरी मामाच्या गावाला जाऊच शकत नाही. मामाकडेही कांदाच असतो.

सुरुवातीला मी बोलणाऱ्या बैलाचा विचार केला होता. मराठी मुलाला बैल आवडतो, पोळ्याच्या दिवशी मातीचे का होईना, घराघरांत पुजले जातात. पण आमच्या शिवारात खऱ्या बैलाची दावण शोधावी लागते. ट्रॅक्टरनं बोलून उपयोग नाही. बोललाच तर हप्त्याबद्दल बोलेल. मग पाऊस ऐकणारा मुलगा मनात आला, मग विहिरीतली बाई. प्रत्येक वेळी एकाच जागी अडायचं. जादू आली की शेतातल्या माणसाचं पहिलं मागणं ठरलेलं असतं, “आमचं एवढं काम करून दे.” आणि जादूनं ते केलं की गोष्ट तिथंच संपते. पाऊस हवा तेव्हा पडला, भाव हवा तेवढा मिळाला, मग आजी का जागते, बाप का चिडतो, आई लग्नातल्या बांगड्या का मोडते, यातलं काहीच लिहायचं कारण उरत नाही. शिवाय वाचणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला ते खोटं वाटतं, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला अपमान वाटतो. त्याच्या बापाला जे जन्मभर जमलं नाही ते एका कांडीनं झालेलं त्याला कसं रुचावं?

जादू सापडली ती चाळीत.

ज्यांनी कांद्याची चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. जमिनीपासून हात-दीड हात वर उचललेला लांबट सांगाडा. खाली खांब, बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या लाकडी पट्ट्या नाहीतर बांबू, वर पत्रा. वारा खालून शिरावा आणि बाजूनं निघून जावा, एवढाच सगळा विचार. आत चार-पाच फूट रुंद आणि जवळपास तेवढाच उंच कांद्याचा थर. उन्हाळ कांदा काढला की शेतातच पोळ घालून पातीखाली सुकवायचा, मान वाळली की पात कापायची, मग निवडायचा. मोठा एकीकडे, गोल्टी वेगळी, जोड आणि डेंगळे बाजूला. विळा लागलेला, दबलेला एक कांदा नजर चुकवून आत गेला की तो एकटा जात नाही, भोवतालचे घेऊन जातो. एप्रिल-मेमध्ये भरलेली चाळ भाव बघत बघत दसरा-दिवाळीपर्यंत रिकामी करायची. तोवर वजन घटतं, कोंब फुटतात, सड लागते. पाच-सहा महिन्यांत भरलेल्या मालाचा तिसरा हिस्सा गेला तर कुणी कपाळाला हात लावत नाही, इतकं ते अंगवळणी पडलं आहे.

सड बाहेरून दिसत नाही. ती मधे असते. वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. पट्टीच्या फटीतून काळसर पाणी ठिबकायला लागलं, चिलटं जमली, की समजायचं आतला बराच माल गेला.

माझी आई दिवेलागणीला चाळीच्या कडेनं चालायची. हातातलं काम आटोपून, पदर खोचून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पट्ट्यांच्या फटीतून मनगटापर्यंत हात आत घालायचा, थोडं थांबायचं, काढायचा, दोन पावलं पुढे. एखाद्या ठिकाणाहून पुढे गेलेली परत मागे यायची, पुन्हा हात घालायची. मग दादाला हाक. “इथून फोड रे. मधी तापू राहिलाय.” दादा कुरकुर करत पट्टी काढायचा, कांदा ओढायचा आणि हातभर आत गेल्यावर तो काळा, बुळबुळीत पुंजका सापडायचा. आई काही बोलायची नाही. हात राखेनं घासून चुलीपाशी जायची. त्या वासाचा हात आम्हाला भाकरीला लागलेला चालायचा नाही, म्हणून ती तो इतका घासायची की बोटं लाल व्हायची.

ह्यात जादू नव्हती. सडणाऱ्या ढिगाला ऊब सुटते आणि वर्षानुवर्षं चाळ भरलेल्या बाईच्या बोटांना ती कळते. पण लहानपणी मला ती जादूच वाटली होती. मी किती वेळा माझा हात घालून पाहिला. मला फक्त कांदे लागायचे.

तर ईश्वरीला मी एवढंच दिलं आहे. तिच्या आजीच्या हाताला जे कळतं, ते तिला आदल्या रात्री कानाला कळतं. कांदा तिच्याशी बोलत नाही. हे मी फार जपून ठेवलं आहे. बोलणारा कांदा आला की तो विनोदी होतो, टोपी घालतो, शेवटी उपदेश करतो. तिला ऐकू येतं ते सालीच्या आत पाणी सुटल्याचं. वारा पडला, पंपाची मोटार बंद झाली, कुत्री गप्प झाली की. आणि तेही फक्त चाळीतल्या उन्हाळ कांद्याचं. लाल कांदा खळ्यावरून थेट बाजारात जातो, त्याचं तिला काही कळत नाही. द्राक्षाचं कळत नाही. माणसांचं तर नाहीच.

कसबाच्या एक पाऊल पुढे जादू ठेवायची, दोन पावलं पुढे नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. दोन पावलं पुढे गेली की आजी निकामी होते, आणि मला आजी निकामी झालेली नको आहे. कादंबरीत नात सांगते आणि आजी हात घालून खात्री करते. आजीच्या हाताशिवाय त्या पोरीचं ऐकणं कुणी मनावर घेत नाही. (एक गंमत सांगते. आमच्या भागात अलीकडे चाळीतली हवा हुंगून सड ओळखणारी सेन्सरची यंत्रं लावून पाहिली गेली आहेत. म्हणजे माझ्या जादूची मुदत तशी भरतच आली आहे. पुस्तक लवकर पुरं केलेलं बरं.)

पहिली काही प्रकरणं मी गोदाकाठच्या एका झेडपीच्या शाळेत वाचून दाखवली. मुलं कौतुकं करत नाहीत, हा तिथला मोठा फायदा. पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, “मंग ती झोपती कशी?” मी थांबले. खरंच, पन्नास क्विंटल कांदा उशाशी हळूहळू नासतो आहे आणि तो सगळा ऐकू येतो आहे, तर ती पोरगी झोपेल कशी? त्या प्रश्नातून एक अख्खं प्रकरण निघालं. ईश्वरी कानाला टॉवेल बांधते, गच्चीवर जाऊन झोपते, तिथून बिबट्याच्या भीतीनं खाली आणली जाते. शाळेत पेंगते. शेवटी आजी आपली खाट तिच्या आणि चाळीच्या मधे ओढून घेते आणि रात्रभर घोरते. आजीच्या घोरण्यापुढे कांद्याचं काही चालत नाही.

मागच्या रांगेतला एक मुलगा जास्त व्यवहारी होता. “कळलं तरी काय उपेग? फोडायला माणसं कुढं भेटत्यात?” त्याचं म्हणणं असं की सडका कांदा कुठं आहे हे त्याच्या बापालाही कळतं, अडतं ते मजुरांपाशी. हा प्रश्न पुस्तकात आधीपासून होता, पण त्या मुलामुळे तो मधोमध आला. सुरगाणा, पेठ या बाजूंनी माणसं गोदाकाठाला कामाला येतात, द्राक्षाच्या छाटणीला, डिपिंगला, कांद्याच्या लागवडीला. उक्तं ठरतं, टोळी येते, बांधाच्या कडेला बिऱ्हाड टाकते. त्या टोळीतली यमुना ईश्वरीच्याच वयाची. तिला काही ऐकू येत नाही, पण कांद्याचं रोप ती ईश्वरीच्या दुप्पट वेगानं लावते, आणि शाळेत तिचं नाव दोन गावांच्या पटावर असून हजेरी एकाही ठिकाणी धड नाही. ईश्वरीला वाटतं आपल्याकडे काहीतरी खास आहे. यमुना एकदा सरळ विचारते, “तुला ऐकू येतं, मग निवडायला आम्हीच का?” या प्रश्नाला ईश्वरीकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही, आणि लेखिकेकडे नसलेलं उत्तर पुस्तकात घुसडायचं नाही, इतपत शिस्त मी पाळते.

पैशांबद्दल थोडं. मुलांना हिशोब आवडतो, ही गोष्ट बालसाहित्यात कुणी मान्य करत नाही. मुलांच्या पुस्तकात पैसा असलाच तर तो खजिन्यात असतो, नाहीतर गरिबाच्या फाटक्या खिशात. आमच्या घरी मात्र बाजारातून आलेली हिशोबपट्टी आधी पोरांच्या हातात पडायची, कारण वाचता त्यांनाच नीट यायचं. म्हणून एका प्रकरणात ईश्वरी वडिलांबरोबर बाजारात जाते. सायखेड्यालाच पिंपळगाव बसवंत बाजार समितीचं उपबाजार आवार आहे, तिथं. ट्रॉल्यांची रांग लागलेली. व्यापारी आणि लिलाव पुकारणारा माणूस एकेका ट्रॉलीपाशी येतात, वरचे चार कांदे चाचपतात, आकडे चढतात, थांबतात, चिठ्ठी फाटते. सहा महिन्यांच्या कष्टाचा निकाल लागायला मिनिटही लागत नाही. मग काटा, मग खळ्यावर खाली करायचं, आणि तिथं ‘खालचा माल वेगळा निघाला’ म्हणून कुणी वांधा काढला की पुन्हा घासाघीस. शेवटी हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन उरलेला आकडा. ती पट्टी मी पुस्तकात जशीच्या तशी, रकान्यांसकट छापायला दिली आहे. संपादक म्हणाले, मुलं हे पान उलटतील. शाळेतल्या मुलांनी ते पान पुढ्यात ओढून आधी बेरीज तपासली.

त्या प्रकरणात बाप पोरीला हळूच विचारतो, “भाव ऐकू येतो का गं?” तो गमतीनं विचारतो, पण पुरता गमतीनंही नाही. तिला येत नाही. इथं मला फार मोह झाला होता. एकदा, फक्त एकदा, तिला भाव ऐकू येऊ द्यावा. पण तो कुठून ऐकू यावा? २०२३ च्या ऑगस्टमध्ये चाळी भरलेल्या असताना केंद्र सरकारनं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि आमच्याकडचे लिलाव बंद पडले. त्याच डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती उघडली २०२४ च्या मे महिन्यात. चाळीशी कान लावून दिल्ली ऐकू येत नाही. कुठल्याही राक्षसापेक्षा, कुठल्याही शापापेक्षा ही गोष्ट मुलांना जास्त अद्भुत वाटते, असं मी पाहिलं आहे. दूर कुठेतरी एक कागद निघतो आणि इथल्या सगळ्या ट्रॉल्या जागच्या जागी थांबतात. जादूच्या पुस्तकात मी ही घटना काहीही न रंगवता घातली आहे.

जादूनं काम करायचं नाही, हा माझा शोध नाही. आमच्या आजीनं श्रावणात सांगितलेल्या कहाणीतच तो आहे. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचा असतो. दवंडी पिटते, घरोघरचं सगळं दूध देवळात येतं, वासरं आणि पोरं उपाशी राहतात, आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी घरचं सगळं आवरते, लेकरांना पाजते, वासरांना पाजते आणि उरलेलं खुलभर दूध घेऊन दुपारी जाते. तेवढ्यानं गाभारा भरतो. शेताशी, गोठ्याशी जोडलेली याहून चांगली जादूची गोष्ट मला माहीत नाही. यात जादू दूध वाढवून कुणाच्या घरी नेऊन देत नाही. राजाच्या हुकमात खोट कुठं आहे तेवढी दाखवते. म्हातारीचं काम म्हातारीनं आधीच केलेलं असतं. लेकीकडे निघालेल्या म्हातारीच्या गोष्टीतला भोपळासुद्धा तसाच. वाघा-कोल्ह्याच्या तावडीतून तिला पुढे नेणं एवढंच त्याचं काम. तो कुणाचं शेत नांगरत नाही.

परदेशात हे ज्यानं सगळ्यांत चांगलं साधलं तो ई. बी. व्हाइट. अमेरिकेत मेन राज्यात त्याचं स्वतःचं शेत होतं, त्यानं डुकरं पाळली, आजारी पडलेलं एक डुक्कर त्याला वाचवता आलं नाही आणि त्यावर त्यानं १९४८ मध्ये एक निबंधही लिहिला. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, ‘शार्लट्स वेब’ आलं. कोळीण जाळ्यात शब्द विणते आणि त्यामुळे डुक्कर कसायाकडे जाण्यापासून वाचतं. गोष्टीतले प्राणी आपसात बोलतात हे खरं, पण शेतावरच्या मोठ्या माणसांना दिसणारी जादू एवढीच. ती सगळे शब्दसुद्धा मनानं काढत नाही. उंदीर उकिरड्यावरून कागदाचे कपटे आणतो, त्यांवरचे काही घेते. आणि सगळं झाल्यावर कोळिणी मरतात तशी ती मरते. त्या पुस्तकात खताचा, चाऱ्याचा वास आहे. तो वास आहे म्हणून जाळ्यातला शब्द खरा वाटतो. मी हे पुस्तक मोठेपणी वाचलं आणि हेव्यानं वाचलं.

भाषेचा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. आमच्याकडचं बोलणं, ते ‘काय करू राहिला’, ‘मंग’, ‘कुढं’, किती ठेवायचं? सगळं ठेवलं तर विदर्भातल्या-कोकणातल्या मुलाला अडखळायला होतं, सगळं काढलं तर ईश्वरीची आजी पुण्याच्या आकाशवाणीवरून बोलू लागते. मी संवाद घरचे ठेवले आणि निवेदन सरळ. मात्र कामाचे शब्द कुठंही सोडले नाहीत आणि समजावलेही नाहीत. उळं, पोळ, गोल्टी, चिंगळी, वक्कल. गोल्टी म्हणजे काय हे मुंबईच्या मुलाला दुसऱ्या वाक्यात कळतंच, कारण आजी ती बाजूला टाकत असते. त्याला परदेशी जादूगाराच्या शाळेतले शंभर खेळ आणि पदार्थ पाठ होतात. त्याच्या ताटातल्या कांद्याचे पाच शब्द जड जातील, असं मानणं मला पटत नाही.

पुराचं प्रकरण सगळ्यांत शेवटी लिहिलं. गोदाकाठावर राहून पूर टाळून कादंबरी लिहिणं शक्य नव्हतं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये सायखेडा-चांदोरीत पाणी शिरलं. आमच्याकडे पुराची सूचना येते ती आकड्यांनी आणि मारुतीनं. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हा आकडा मोबाइलवर येतो, पण म्हातारी माणसं फोन करून विचारतात, “नाशकात दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर आलं?” कमरेला, छातीला, की गळ्याला. रामकुंडाजवळच्या त्या मूर्तीवर चढलेलं पाणी काही तासांनी आमच्या दारात असतं. तेवढ्या वेळात जनावरं सोडायची, पोथ्या-कागद माळ्यावर, धान्य शेजारच्या गच्चीवर. पुलाला पाणवेली येऊन अडकतात आणि पाणी आणखी फुगतं. चाळ मात्र उचलून नेता येत नाही.

तर पाणी चाळीत शिरतं तेव्हा ईश्वरीला काय ऐकू येतं? हे मला आधी ठाऊक नव्हतं. सगळा कांदा एकदम ओरडतो, असं लिहिणं सोपं होतं आणि परिणामकारकही झालं असतं. पण नियम काय ठरला होता? तिला सडायला लागलेला कांदा ऐकू येतो, भिजलेला नाही. भिजलेल्या कांद्याला नासायला वेळ लागतो. म्हणजे पुराच्या रात्री तिला काहीच वेगळं ऐकू येत नाही. ती इतरांसारखीच कॅरेट भरभरून उंचावर पोचवते, तिच्या आईसारखीच थकते. ऐकू येतं ते चौथ्या-पाचव्या दिवशी, पाणी उतरल्यावर, गाळ धुवत असताना. तोवर बघायला आलेले पुढारी, पंचनाम्याचे कर्मचारी, कॅमेरेवाले सगळे येऊन गेलेले असतात. नियम आधी घालून ठेवल्याचा हा फायदा. मला सुचलं नसतं ते नियमानं सुचवलं.

आता शेवट. मुलांच्या अशा पुस्तकात मूल मोठं होतं आणि जादू निघून जाते, असा रिवाज आहे. मला तो रडका वाटतो. ईश्वरीची जादू जात नाही, ती हंगामी आहे. चाळ रिकामी झाली की ऐकायला काही नसतं. मग लाल कांद्याची गडबड, द्राक्षाच्या बागा, निफाडची थंडी, पहाटे बागेत पेटवलेल्या शेकोट्या. पुढच्या एप्रिलला पुन्हा चाळ भरेल तेव्हा ऐकू येईल की नाही, हे पुस्तक सांगत नाही. शाळेतल्या मुलांचे यावर दोन तट पडले आणि मास्तरांना तास संपल्याचं सांगून मधे पडावं लागलं.

सध्या चित्रांचं काम चालू आहे. चित्रकार पुण्याचा, हात चांगला आहे, पण पहिल्या रेखाटनात त्यानं चाळीतल्या कांद्यांना डोळे आणि तोंडं काढून पाठवली. गोड होती, नाही कसं म्हणू. मी त्याला व्हाइटचीच हकीकत सांगितली. गार्थ विल्यम्स या चित्रकारानं त्याच्या कोळिणीला आधी बाईचा चेहरा दिला होता, तो व्हाइटला मानवला नाही, आणि अखेर छापली गेली ती कोळीणच. आमच्या चित्रकाराचं म्हणणं, चेहरा नसेल तर मुलांना कांदा बोलतोय हे कळणार कसं? मी म्हटलं, तो बोलतच नाही. ते त्याला अजून पटलेलं नाही. म्हणून त्याला मी पाऊस लागायच्या आत सायखेड्याला बोलावलं आहे. भावाला सांगून ठेवलं आहे की पाहुणा येईल, त्याला जेवायला घालायच्या आधी चाळीपाशी न्या आणि एकदा मनगटापर्यंत हात आत घालायला लावा. वहिनी म्हणाली, “आणि राख?” म्हटलं, राख ठेव.